शिळ्या पाण्याचे अण्णा

नळाला पाणी आलं की आपल्याकडे पहिलं काम काय होतं? कालचं ओतून टाकलं जातं. हंडा, कळशी, पिंप खळखळून विसळायचं आणि मगच नळाखाली लावायचं. शिळं पाणी पाहुण्याला देत नाहीत, देवाला तर नाहीच नाही. पण नगरमधल्या सावेडीच्या कुठल्याही सोसायटीत एखादं घर असं निघतंच, जिथं शिळ्या पाण्याला ताज्यापेक्षा भाव असतो आणि त्याच्या राखणीला एक अण्णा बसलेले असतात. नोकरीतून निवृत्त, बनियन, गळ्यात चष्म्याची दोरी, हॉलमध्ये तीन फुटी फिशटँक.

नातवाचा वाढदिवस विचारला तर अण्णा सूनबाईंकडे बघतात. टँकचं पाव पाणी शेवटचं कधी बदललं ते विचारा, वार आणि वेळ तोंडपाठ. नगरला पाणी दिवसाआड. मुळा धरणातून उचललं, विळदला शुद्ध झालं, वसंत टेकडीवर चढलं, आता आपल्याकडे उतरत असेल, असा त्याचा सगळा प्रवास अण्णा घरी बसून सांगतात. मुळानगरच्या पंपाची वीज गेली की पेपरात येण्याआधी त्यांना कळलेलं असतं. कसं, ते विचारू नये. जुन्या गोष्टीत शिरले तर थेट निजामशाहीत जातात. तेव्हा म्हणे कापूरवाडीहून खापरी नळांनी शहरात पाणी यायचं, फराहबागेचा महाल तर तळ्याच्या मधोमध. ‘क्लोरीनचा थेंब नव्हता! मासे काय सुखात असतील!’ माणसांना तेव्हा पटकी व्हायची, हा मुद्दा अण्णांच्या दृष्टीनं किरकोळ.

नळ सुटला की अण्णा आधी वास घेतात. मग खेड्यापाड्यांतले जलसुरक्षक पाण्यातला क्लोरीन तपासायला वापरतात ती ओटीची बाटली निघते. नळीत पाणी, त्यात थेंब टाकायचे आणि उजेडाकडे धरायचं. फिकट पिवळं झालं तर ठीक. गर्द झालं की अण्णांच्या कपाळाला आठी. पावसाळ्यात मुळेला नवं गढूळ पाणी आलं की क्लोरीन वाढतो आणि ही आठी महिनाभर उतरत नाही. लिटरला 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन नळाच्या शेवटच्या टोकाला उरलाच पाहिजे, म्हणजे माणसं आजारी पडत नाहीत. माशाला तेवढाही जाचतो. आपण पाणी पितो, मासा पाण्यातच श्वास घेतो. क्लोरीन त्याचे कल्लेच भाजून काढतो.

हे व्याख्यान ऐकून सूनबाईंनी एकदा गर्द पिवळ्या नळीकडे बोट दाखवलं. ‘अण्णा, मग हे आम्ही प्यायचं ना?’

‘प्या की! तुम्हाला कुठं कल्ले आहेत?’

मुलगी सॅन फ्रान्सिस्कोला. फोनवर तब्येत, जावईबापूंची नोकरी हे सगळं काकू विचारतात. अण्णांचा प्रश्न एकच: ‘तुमच्याकडे क्लोरामाइनच ना अजून?’ तिथं 2004 पासून क्लोरीनला अमोनियाची जोड देतात. ते पाणी दिवसभर उघडं ठेवलं तरी सुधारत नाही. नगरचं सुधारतं, याचा अण्णांना अभिमान आहे. अडीअडचणीला हायपोचे खडे आहेत. पूर्वी फोटो स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीत असायचे. आता माशांच्या दुकानात मिळतात. बादलीला चिमूटभर टाकले की क्लोरीन तिथल्या तिथं गप्प. दिसायला थेट खडीसाखर. काकूंनी एकदा सत्यनारायणाच्या पूजेला तीच बरणी काढली होती, गुरुजींनी वेळेवर चष्मा लावला म्हणून निभावलं.

घरात खरा तमाशा झाला तो फिल्टरच्या स्पंजवरून. सूनबाईंनी दिवाळीच्या साफसफाईत तो नळाखाली धरून पांढराशुभ्र केला. अण्णा मटकन खाली बसले. माशांच्या घाणीतून अमोनिया सुटतो; त्याचं नायट्राइट आणि पुढं नायट्रेट करणारे जिवाणू त्या काळपट स्पंजात राहतात, आणि त्यांची वस्ती बसायला महिना-दीड महिना लागतो. स्पंज टँकच्याच काढलेल्या पाण्यात हलकेच पिळायचा असतो. ‘अख्खं गाव उठवलंस गं,’ एवढंच अण्णा म्हणाले. त्या दिवाळीत त्यांनी चकलीला हात लावला नाही. (अनारसे मात्र खाल्ले.)

पाणी मुरतं ते बाल्कनीतल्या दोन ड्रममध्ये, चोवीस तास, तोंड उघडं टाकून. काकूंचं पालुपद, ‘अहो, झाकण घाला, डास होतील.’ अण्णांचं उत्तर, ‘झाकलं तर गॅस जाणार कुठून?’ यावर दोघांचं गेली कित्येक वर्षं एकमत झालेलं नाही.

शेवटी डेंग्यूच्या दिवसांत हिवतापवाल्या ताई आल्याच. ‘कोरडा दिवस पाळता का?’ म्हणत त्या बाल्कनीत गेल्या, उघडे ड्रम पाहिले आणि पिशवीतून अळ्या मारायची अॅबेटची बाटली काढली. अण्णा हात पसरून ड्रमच्या आडवे उभे राहिले.

‘काका, बाजूला व्हा. नोटीस काढावी लागेल.’

‘आधी आत बघा, मग काढा.’

ताईंनी बॅटरी मारली. एकही अळी नाही. शिळ्या पाण्यात पाच-सहा गप्पी मासे ऐटीत फिरत होते.

‘हे कुठून आणले?’

‘तुमच्याच खात्याचे आहेत. मागच्या साली कोपऱ्यावरच्या गटारीत सोडून गेला होतात. मी चहाच्या गाळणीनं काढून आणले.’

‘ती गाळणी!’ काकू आतून ओरडल्या.

ताईंनी बाटली पिशवीत ठेवली, वहीत ‘अळी आढळली नाही’ असं लिहिलं आणि जाता जाता जरा खालच्या आवाजात विचारलं, ‘काका, पिल्लं झाली तर देता का थोडी? आमच्याकडची संपलीत.’

अण्णांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. ‘द्यायला हरकत नाही. पण सोडणार कुठल्या गटारीत? तिथलं पाणी आधी बाटलीत घेऊन या. ओटी केल्याशिवाय मी पोरं पाठवत नसतो.’