सीनियर लेक्चररांचं सामान

पुण्यातल्या एका प्राध्यापकांना मेलबर्नच्या विद्यापीठाचं नेमणूकपत्र आलं. घरात पहिला खल झाला तो पगारावर नव्हे, हुद्द्यावर. इथे सर असोसिएट प्रोफेसर. पत्रात चक्क 'सीनियर लेक्चरर'. "म्हणजे खाली उतरवलं का रे तुला?" वडिलांनी चष्मा पुसत विचारलं. त्यांचंही काही चूक नव्हतं. आपल्याकडे यूजीसीने 2010 मध्ये तमाम लेक्चररांना असिस्टंट प्रोफेसर करून टाकलं. ऑस्ट्रेलियात अजून लेक्चरर, सीनियर लेक्चरर, मग असोसिएट प्रोफेसर अशीच चढण आहे. सरांनी सगळं नीट समजावलं. सोसायटीत पसरलं ते एवढंच, की सर तिकडे पुन्हा लेक्चरर होणार.

मग कागदपत्रं. सरांच्या पदवीवर 'पुणे विद्यापीठ'. 2014 साली विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचं नाव मिळालं, म्हणून आता काढलेल्या ट्रान्सक्रिप्टवर नवं नाव. सरांच्या पत्नीच्या मार्कलिस्टवर माहेरचं नाव आणि पासपोर्टवर सासरचं, म्हणजे लग्नाचा दाखला आला. शिवाय गेल्या दहा वर्षांत जिथे जिथे वर्षभर राहिलात, तिथल्या पोलिसांचा दाखला हवा. सरांनी पोस्टडॉक केली होती जपानमध्ये. जपानी दाखला बोटांचे ठसे घेऊन मिळतो आणि येतो बंद पाकिटात, उघडायचं नाही अशा बोलीवर. व्हिसाचा अर्ज मात्र ऑनलाइन! न उघडलेलं पाकीट स्कॅन कसं करायचं, यावर दोन पीएच.डी.धारकांनी रात्र घालवली. शेवटी एजंटाने धीर दिल्यावर पाकीट फोडलं.

खरी लढाई सामानाची. दिवाणखान्यात बॅगा उघड्या पडलेल्या, सर ताणकाटा हातात धरून उभे, आणि आई स्वयंपाकघरातून एकेक डबा आणतायत. पुस्तकं पहिल्याच फेरीत गारद झाली. त्यांच्या जागी कुकर, सोऱ्या आणि मेतकूट आलं. मिक्सर घ्यावा की नाही, यावर सरांनी पदार्थविज्ञान काढलं: दोन्हीकडे वीज 230 व्होल्टचीच, फक्त तिकडच्या प्लगच्या पट्ट्या चपट्या आणि तिरक्या. अडॅप्टर घेतला की झालं. मिक्सर पास.

सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र अडल्या. अख्खं सुकं खोबरं विमानात चालत नाही, कारण त्यात तेल फार, आणि ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. आईंचा विश्वासच बसेना. "आजवर आमच्या फडताळात पेटलं नाही ते!" मग त्यांनी खोबरं भाजून, कुटून गोड्या मसाल्यात घातलं आणि विषय संपवला. सातारच्या कंदी पेढ्यांना अशी पळवाट नव्हती. तिकडे आपली दुधाची मिठाई नेऊ देत नाहीत. ताजा कढीपत्ताही नाही. निरोपाला आलेला प्रत्येक जण पेढेच आणत होता, त्यामुळे जाण्याआधी सरांचं वजन बॅगांपेक्षा जास्त वाढलं.

जुलैत, म्हणजे तिकडच्या ऐन थंडीत, सर मेलबर्नला उतरले. प्रवासी कार्डावर खाद्यपदार्थ, लाकूड, माती यांबद्दल प्रश्न असतात. सरांनी सगळीकडे 'हो' म्हटलं. पोळपाट लाकडाचा, तेव्हा तोही जाहीर. अधिकाऱ्याने तो उलटापालटा करून साल किंवा किडीची भोकं आहेत का पाहिलं, पायांवर टिचकी मारली आणि परत दिला. मसाल्याचा वास घेतला, काही न बोलता झाकण लावलं.

पहिल्याच शनिवारी कळलं, की मेलबर्नच्याच डँडेनाँग उपनगरातल्या 'लिटल इंडिया'त पोळपाट, कुकर आणि मसाले सगळं मिळतं. आईंना हे अजून सांगितलेलं नाही.

तिकडे निघालेल्यांनी पेढे इथेच खाऊन घ्यावेत आणि कार्डावर बिनधास्त 'हो' लिहावं. सांगितलेली वस्तू फार तर काढून घेतात. न सांगता सापडली तर जागेवर दंड होतो, आणि तात्पुरता व्हिसा असेल तर तोही रद्द होऊ शकतो.