काटकसरीचं नीस

लंडनहून फ्रान्समधल्या नीसला जाणारं विमान आडहंगामात कधीकधी टॅक्सीच्या भाड्यात मिळतं, हे खरं आहे. त्या भाड्यात माणूस जातो. त्याची बॅग आणि शेजारी बसायची बायको यांचे वेगळे पडतात. प्रवासी लंडनचा मराठी आयटीवाला असेल आणि पासपोर्ट अजून भारतीय असेल, तर शेंगेन व्हिसाचे ९० युरो आधी मोजायचे. म्हणजे नवरा-बायकोचे झाले १८०, आणि समुद्र अजून दिसलेला नाही.

बरं, हे गाव मुळात काटकसरीसाठी वसलेलंच नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्रज बडी मंडळी इथे हिवाळा काढायला येत. किनाऱ्यावरून फिरता यावं म्हणून त्यांनी १८२०च्या दशकात स्वखर्चाने रस्ताच बांधून घेतला. त्याला आजही ‘इंग्रजांचा फिरायचा रस्ता’ म्हणतात. आता त्यावरून त्यांचेच देशबांधव सुपरमार्केटमधलं सँडविच खात फिरतात.

किनाऱ्यावर वाळू नाही, गोटे आहेत. फुकट बसायचं तर गोट्यांवर. गादी हवी तर भाडं. जेवणाला जुन्या गावातला सोक्का घ्यावा. हरभऱ्याच्या पिठाचं, लाकडाच्या भट्टीत भाजलेलं हे धिरडं आई करायची तेव्हा आपण नाक मुरडत होतो.

रविवारी रेल्वेने मोनॅको गाठावं. अर्धा तासही लागत नाही. तिथे फुकट बघण्यासारखं पुष्कळ आहे; सगळं दुसऱ्यांचं.