वेटिंग सात

भोपाळात माणूस पत्ता आकड्यांत सांगतो. पाच नंबर स्टॉप, सहा नंबर स्टॉप, दहा नंबर मार्केट. एप्रिल उजाडला की यांत आणखी एका जातीच्या आकड्यांची भर पडते. शिवाजीनगरात चहाच्या टपरीवर कुणी विचारतं, "ते स्कूटरवरून गेले ते कोण हो?" उत्तर येतं, "वेटिंग सात." नाव, आडनाव, खातं, हुद्दा सगळं या दोन शब्दांत आलं. मुलगा आठवी पास झालाय, नववीसाठी हव्या त्या शाळेच्या प्रतीक्षा यादीत सातवा आहे, आणि वडील घरी फक्त झोपायला येतात.

दर वर्षी वस्तीत असा एक तरी निघतो. कधी तो वेटिंग अकरा असतो, कधी तीन. स्वभाव तोच. तेव्हा हे वर्णन कुणा एकाचं समजू नये. ज्याला आपलंच वाटेल त्याने आक्षेप लेखी द्यावा, पोच मिळेल.

याचे आजोबा 1956 साली नागपूरच्या सचिवालयातून भोपाळला आले. राजधानी हलली, तिच्यामागे फायली हलल्या आणि फायलींमागे आजोबा. वडील त्याच फायलींवर रिटायर झाले. हा विंध्याचल भवनात सहायक ग्रेड दोन. तीन पिढ्यांत या घराण्याने एकही कागद फेकलेला नाही. 2023 च्या जूनमध्ये सातपुडा भवनाला आग लागली, तेव्हा सगळं शहर गच्चीवर चढून धूर बघत होतं. हा पलंगाखालची ट्रंक ओढून मुलाच्या जन्मदाखल्याच्या तिन्ही प्रती जागेवर आहेत ना, ते बघत होता.

त्याच्या हातातली पिशवी एकदा नीट पाहण्यासारखी आहे. कुठल्याशा सरकारी कार्यशाळेत मिळालेली, रेक्झिनची, चेन गेलेली, तोंडाला सेफ्टी पिन. आत तीन फोल्डर. पहिल्यात मूळ कागद, ते 'दाखवायचे, द्यायचे नाहीत'. दुसऱ्यात झेरॉक्स, प्रत्येकीवर आडवी सही. तिसऱ्यात आतापर्यंत दिलेल्या अर्जांच्या स्थळप्रती, प्रत्येकीवर आवकचा शिक्का. हा तिसरा फोल्डर तो कुणालाही उघडून दाखवतो, लोक नातवाचे फोटो दाखवतात तसा. तळाशी स्टेपलर, गोंदाची कांडी, हिरवे टॅग आणि मुलाचे पासपोर्ट फोटो. फोटोत पोरगं नुकतीच जबानी दिल्यासारखं दिसतं, कारण काढताना वडील शेजारी उभे राहून सांगत होते, "हसू नको बाप्पा, फॉर्म रद्द होतो."

या कुटुंबाच्या आडनावात एक ळ आहे. मध्य प्रदेशात ळ घेऊन राहणं सोपं नाही. राज्य सरकारच्या समग्र आयडीत त्याचा ल झाला. इंग्रजीत आधारवर एक एल आला, आठवीच्या गुणपत्रिकेवर दोन. समग्र जुळल्याशिवाय इथे पोराचं शाळेतलं पान हलत नाही. म्हणून मग नोटरीकडे जाऊन शपथपत्र झालं. त्याचा मसुदा मी वाचलेला आहे. 'वरील तिन्ही विद्यार्थी एकच असून ते माझे चिरंजीव आहेत.' नोटरीने दोनदा वाचलं आणि गुपचूप शिक्का मारला.

शिवाजीनगरातलं सुभाष उत्कृष्ट विद्यालय हे त्याचं पहिलं प्रेम. घरापासून चालत जाण्याजोगं, सरकारी, फी किरकोळ आणि नाव मोठं. नववीसाठी तिथे प्रवेश परीक्षा असते आणि गुणवत्ता यादी लागते. तिथे ओळख चालत नाही हे आधी त्याला पटेना, आणि पटलं तेव्हा फार वाईट वाटलं. टी. टी. नगरच्या मॉडेल शाळेचंही तसंच. त्याआधी, मुलगा सहावीत जाताना, रातीबडच्या नवोदयाचा विचार झाला होता. नवोदयात निदान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांच्या, हे वाचून तो दोन दिवस बायकोला खेड्यातल्या मोकळ्या हवेचे फायदे सांगत होता. ती म्हणाली, "तुम्ही जा. शनिवारी डबा पाठवीन."

पण काळजाला लागलं ते केंद्रीय विद्यालय. तेही सहावीच्याच वेळी. तिथे पालकांची उतरंड असते. आधी केंद्र सरकारवाले, मग केंद्राच्या उपक्रमांतले, मग राज्य सरकारवाले. तिसरी पायरी, ठीक आहे, मानी माणसाने मान खाली घालून उभं राहावं. पुढे फॉर्ममध्ये रकाना होता, मागच्या 7 वर्षांत पालकाच्या बदल्या किती. जितक्या जास्त बदल्या तितका नंबर वर.

आता भोपाळातल्या बाबू लोकांचं जीवनकार्य काय, तर भोपाळातून न हलणं. बदल्यांवरची बंदी उठली की यांची झोप उडते. डॉक्टरी सर्टिफिकेटं निघतात, सासूबाईंची संधिवाताची जुनी फाईल निघते, मंत्र्यांच्या पीएंच्या घरी हापूस जातो. आमच्या या गृहस्थानेही आयुष्यभराची सगळी पुण्याई याच कामी खर्ची घातली होती आणि नोकरी लागल्यापासून टेबलसुद्धा बदललं नव्हतं. त्या रकान्यात त्याला स्वतःच्या हाताने शून्य लिहावं लागलं. बराच वेळ तो त्या शून्याकडे बघत होता म्हणे. मग म्हणाला, "एकदा तरी अलीराजपूरला जायला पाहिजे होतं जी."

दुसऱ्या दिवशी नियमावली वाचून आला. बदली धरायची तर दोन ठिकाणांत निदान 20 किलोमीटर पाहिजेत आणि तिथे सहा महिने मुक्काम. रविवारी स्कूटर काढून मंडीदीपपर्यंत गेला आणि मीटर वाचून परत आला. अंतर बसत होतं. फक्त मंडीदीपला त्याच्या खात्याचं ऑफिसच नव्हतं.

केंद्रीयमध्ये प्रत्येक खासदाराच्या शिफारशीच्या 10 जागा असायच्या, त्या 2022 मध्ये बंद झाल्या. त्या दिवसापासून तो लोकसभेचं कामकाज बघत नाही.

तर अशा सगळ्या गाळण्यांतून गळत गळत तो एका यादीत येऊन थांबला. शाळेचं नाव मी लिहीत नाही, त्याने तसं बजावलंय. यादी अजून उघडी आहे आणि छापून आलं तर ते सावध होतील. ते म्हणजे कोण, हे त्याने सांगितलं नाही.

आणि इथून पुढे या माणसाचं चरित्र एकदम उजळतं. सातवा आहे म्हणजे पुढे सहा आहेत. सहा जण हलल्याशिवाय हा हलत नाही. त्यांचं वाईट चिंतून उपयोग नसतो, कारण नापास झालेलं पोर जागा सोडत नाही, उलट घट्ट धरून बसतं. जागा सोडतो तो ज्याचं कुठेतरी जास्त भलं झालं तो. एवढं लक्षात आल्यावर वेटिंग सात भोपाळातला सर्वांत परोपकारी माणूस झाला.

वेटिंग चारचे वडील रेल्वेत. म्हणजे केंद्र सरकार, म्हणजे पहिली पायरी! आणि त्या भल्या माणसाला केंद्रीय विद्यालयात नववीलाही परीक्षा घेऊन रिकाम्या जागा भरतात, हेच माहीत नव्हतं. आमच्या गृहस्थाने फॉर्म आणून दिला, भरून दिला, आणि पोराला पंधरवडाभर स्वतः गणित शिकवलं. आपल्या पोराला? त्याला यूट्यूब लावून दिलं होतं.

वेटिंग तीनच्या मुलाचं नाव रीवाच्या सैनिक शाळेच्या प्रवेशफेरीत होतं, पण आई पाठवायला तयार नव्हती. हा त्यांच्या घरी पोहे-जिलबी घेऊन गेला आणि शिस्त, गणवेश, देश यांवर असं बोलला की त्या माउलीचे डोळे भरून आले. मग रोज पहाटे त्या मुलाला तळ्याच्या काठी पळवायलाही हाच.

वेटिंग दोनचे वडील बँकेत. त्यांच्या जबलपूरच्या बदलीची बातमी त्यांना कळायच्या आत याचा अभिनंदनाचा फोन गेला. त्यांना वाटलं, घरी काही बाळबीळ. वेटिंग पाचला हा उत्कृष्ट विद्यालयाच्या पुढच्या यादीची तारीख रोज सकाळी आठवण म्हणून पाठवतो, खाली कमळाचं चित्र आणि 'आपला दिवस शुभ जावो'. तो शुभ जावा असं त्याला मनापासून वाटतं. असं दुसऱ्याच्या लेकरासाठी झुरणं मी संतचरित्रांत वाचलं होतं. विंध्याचल भवनातून ते येईल असं वाटलं नव्हतं.

बाकी वेळ अपिलं. आपल्याकडे शाळाप्रवेशाचं अपील म्हणजे नक्की कुठे करायचं हे ठरलेलं नसल्यामुळे ते सगळीकडे करता येतं. जिल्हा शिक्षणाधिकारी झाले, माहितीचा अधिकार झाला. सीएम हेल्पलाईनचा 181 तर त्याच्या फोनवर बायकोच्या नंबराच्या वर आहे. तक्रार आधी एल-1 अधिकाऱ्याकडे जाते, तिथे सुटली नाही की एल-2, असं करत एल-4 पर्यंत. अधिकाऱ्यांना ती वर जाऊ द्यायची नसते, म्हणून तेच तक्रारदाराला फोन करतात. "सर, शिकायत बंद करवा दीजिए ना." उभ्या नोकरीत त्याला कुणी सर म्हटलं नव्हतं. तो फोन स्पीकरवर टाकतो, सगळ्या सेक्शनला ऐकवतो, आणि गंभीरपणे म्हणतो, "मैं संतुष्ट नहीं हूँ." हे दुपारी दोन वाजता. सव्वादोनला त्याच फोनवरून तो स्वतः सीहोरच्या कुणा पेन्शनरला विनवत असतो, "काका, बंद करवा दीजिए ना." यात विसंगती आहे असं मी एकदा सुचवलं. तो म्हणाला, "ते वेगळं प्रकरण आहे."

मंगळवारी कलेक्टर कचेरीत जनसुनवाई असते. मंगळवारी त्याचा उपासही असतो, त्यामुळे डब्याची भानगड नाही. कोहेफिझाला जुन्या सचिवालयात सकाळी जाऊन उभा राहतो. रांगेत जमिनीची भांडणं, अडकलेल्या पेन्शनी, गळणारे पाइप. मध्ये हा, इस्त्रीच्या शर्टात, वेटिंग सात.

शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 13 त्याला तोंडपाठ आहे. देणगी घेता येत नाही. मुलाची किंवा पालकाची चाळणी लावता येत नाही, लावली तर पहिल्यांदा 25 हजार दंड, पुढे दर वेळी 50 हजार. हे तो एकदा एका शाळेच्या फाटकावर म्हणून दाखवत होता. चौकीदाराने शांतपणे बिडी विझवली आणि म्हणाला, "साहब, वो आठवीं तक है. आपका तो नौवीं का है." तेवढ्यापुरता तो गप्प झाला. ज्ञानाचा असा अपमान त्याने सोसला नसता, पण चौकीदाराचं बरोबर होतं.

याचा खरा अर्थ त्याला जनसुनवाईच्या रांगेत कळला. पुढे एक बाई होती, चार घरची धुणीभांडी करणारी. तिची मुलगी 25 टक्क्यांच्या कोट्यातून, लॉटरीत नाव निघून, पहिलीपासून एका खासगी शाळेत फुकट शिकली. आठवी झाली आणि कायदा संपला. नववीपासून पूर्ण फी, नाहीतर दाखला घेऊन जा. बाईच्या हातात वहीचं फाडलेलं पान होतं, त्यावर दोन ओळी. याने ते पान बघितलं आणि त्याच्यातला ग्रेड दोन जागा झाला. पायरीवर बसून त्याने पिशवीतून फुलस्केप काढला, विषय, संदर्भ, 'सविनय निवेदन है', तीन मुद्दे, प्रतिलिपी कुणाकुणाला ते, आणि हिरवा टॅग लावून दिला. उत्कृष्ट विद्यालयाच्या यादीवर लक्ष ठेवा, केंद्रीयचा फॉर्म मी आणून देतो, असंही सांगितलं. ही बाई त्याच्या यादीत कुठेच नव्हती. मी तपासून पाहिलं, एकवरही नव्हती आणि सहावरही नव्हती. त्या नादात त्याचा स्वतःचा नंबर पुकारून गेला. पुढच्या मंगळवारी त्याच्याभोवती अर्ज लिहून घेणाऱ्यांचा घोळका होता, आणि त्यानंतरच्या मंगळवारी कुणीतरी त्याला बसायला स्टूल आणून दिलं.

घरात वहिनी मात्र वेगळ्याच वेगाने चालतात. त्यांनी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, हे साहेब नोटरीकडे असताना, कोलार रोडवरच्या एका साध्याशा शाळेत जाऊन पहिला हप्ता भरला, गणवेश घेतला, आणि मुलाला बसवूनही टाकलं. वडिलांच्या हे ध्यानात आलं नाही. मुलगा सकाळी दप्तर घेऊन जातो, एवढं त्यांना माहीत होतं. कुठे जातो याची फाईल त्यांच्याकडे नव्हती.

जूनअखेरीस यादी हलली. दोन जबलपूरला गेले, तीन रीवाला, चार केंद्रीयमध्ये, पाचला उत्कृष्ट मिळालं. एक आणि सहा यांनी आपापली सोय बघितली होती, हे शाळेलाही उशिरा कळलं. शाळेतून फोन आला, उद्या मूळ कागद घेऊन या.

त्याने घरात पेढे ठेवले. मुलगा पेढा खाऊन म्हणाला, "बाबा, मी नाही येत. मी आमच्या टीममध्ये गोलकीपर आहे."

"कुठल्या टीममध्ये?"

"शाळेच्या."

"कुठल्या शाळेच्या?"

वहिनींनी कपाटातून फीची पावती काढून टेबलावर ठेवली. त्याने ती उलटसुलट पाहिली. पावतीवर क्रमांक होता, तारीख होती, गोल शिक्का होता. आडनावात ळ सुद्धा शाबूत होता, वहिनींनी पेनाने लिहून घेतला होता. असल्या पावतीपुढे त्याचं काही चालत नाही. रात्रभर तो विचार करत होता, आणि सकाळी त्याने वेटिंग आठला फोन लावला. "मी जागा सोडतोय जी. आता तुमचा नंबर."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग आठचे वडील म्हणाले, "का सोडताय? काही गडबड आहे का तिथे?"

"नाही हो, मुलगा दुसरीकडे गोलकीपर आहे."

हे कुणाला पटणार? जो माणूस तीन महिने या जागेसाठी उन्हातान्हात फिरला तो ती फुटबॉलपायी सोडतो? आठने ताबडतोब शिक्षणाधिकारी कार्यालयात माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपये भरून अर्ज टाकायचं ठरवलं: वेटिंग सातने जागा कोणत्या कारणास्तव सोडली, त्याच्या प्रमाणित प्रती मिळाव्यात. अर्जाचा मसुदा अर्थातच सातनेच करून दिला.