कॉकला सिलिकॉन फासणाऱ्या उस्तादांस खुले पत्र



वडिलांच्या आरएक्स १०० चा पेट्रोल कॉक गळतो म्हणून गाडी तुमच्याकडे टाकली होती. ‘पक्कं काम झालंय’ असं छातीठोक सांगून तुम्ही पैसे घेतलेत. परवा कॉक उतरवला आणि ते पक्कं काम दिसलं: टाकी आणि कॉक यांच्या सांध्यावर बोटाने फासलेलं सिलिकॉन! पेट्रोलमध्ये ते भिजल्या पोह्यांसारखं फुगलं होतं. त्याचा एक तुकडा कार्बोरेटरच्या मेन जेटमध्ये जाऊन बसला होता. उस्ताद, हाच तुमचा हुन्नर?

शिवाय गळती त्या सांध्यावर नव्हतीच. ती होती नॉबच्या मागे. दोन बारीक स्क्रू काढले की पत्री निघते, आत भोकं पाडलेली रबरी चकती असते. ती इतकी कडक झाली होती की नखाची खूण उमटेना. वाकवली तर तडकली. ही गाडी आपल्याकडे १९८५ ते १९९६ या काळात बनली. तेव्हाचं रबर आजच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनवलेलंच नव्हतं. हे तुम्हाला माहीत नसेल तर गॅरेजची पाटी उतरवा. माहीत असेल, तर ती चकती का बदलली नाही?

पलीकडच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या फिटरने माझ्यासमोर टाकी रिकामी केली, जाळी धुतली, काचेवर पॉलिश पेपर ठेवून कॉकचं तोंड सपाट घासलं, नवी चकती आणि ओ-रिंग बसवली. स्क्रू बेताने आवळले, कारण जोर लावला की ते मऊ धातूचं तोंड वाकतं आणि पुन्हा गळायला लागतं. कॉक आता कोरडा ठणठणीत आहे.

पैशांचं जाऊ द्या. ही गाडी रात्री आमच्या जिन्याखाली उभी असते आणि तिथेच साऱ्या बिऱ्हाडांचे लाइटचे मीटर आहेत. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत साचते. एक ठिणगी पुरते. वर लहान मुलं झोपतात, उस्ताद. सिलिकॉन फासताना त्यांचा विचार मनात आला नाही?

पैसे परत नकोत. यापुढे कॉक खोलाल तेव्हा आतलं जुनं रबर काढून गिऱ्हाइकाच्या हातात द्या, आणि सिलिकॉनची ट्यूब पेट्रोलच्या आसपास फिरकू देऊ नका.

आपलं एक जुनं गिऱ्हाईक