नव्वद अंशांचा आशावाद

खेळातील दुखापतीतून सावरताना मन प्रसन्न ठेवावे, या उपदेशाला आता वैद्यकशास्त्राचीही मान्यता मिळाली आहे, ही गोष्ट उपदेशकांची संख्या पाहता काहीशी चिंताजनकच म्हटली पाहिजे. १९७८ साली अमेरिकन डॉक्टर गेब मर्किन यांनी विश्रांती, बर्फ, दाब आणि अवयव उंचावर ठेवणे ही चतुःसूत्री सांगितली. पुढे बर्फामुळे दुखापत भरून येण्यास विलंब होऊ शकतो असे खुद्द त्यांनीच मान्य केले, आणि २०१९ मध्ये मांडल्या गेलेल्या ‘पीस अँड लव्ह’ या नव्या सूत्रात बर्फाला वगळून आशावादाला रीतसर स्थान देण्यात आले. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडणाऱ्या खानदेशात हा बदल सोयीचाच आहे, कारण बर्फ विकत आणावा लागतो आणि आशा भेटायला येणारे फुकट आणतात.

शहाद्याला लागून असलेल्या लोणखेड्यात महाविद्यालयांमुळे खेळणारी तरुण मंडळी आणि त्यांना सल्ला देणारी वडीलधारी मंडळी, असे दोन्ही वर्ग नांदतात. कबड्डीत चढाई करणारा गडी वळता वळता घोट्याच्या पकडीत सापडला, की पाय रुतलेला व अंग फिरलेले अशा अवस्थेत ‘एसीएल’, म्हणजे मांडीचे हाड व नडगी यांना आतून बांधणारा आणि नडगीला पुढे सरकू न देणारा अस्थिबंध, तुटण्याचा संभव असतो. त्यानंतर खाट ओसरीवर येते. “काय व्हयनं भाऊ?” असे विचारणारा पाहुणा उत्तर पुरे होण्याआधीच आपल्या साडूच्या गुडघ्याचा वृत्तान्त सुरू करतो, ‘आता काठी घेऊन चालतो, पण मजेत आहे’ या वाक्याने तो संपतो, व ऐकणाऱ्याने त्यातून धीर घ्यावा अशी अपेक्षा असते. दुसरा हळद-तुरटीचा लेप सुचवतो, तिसरा पपई ठेवून जातो. प्रसन्न चेहऱ्याची गरज रुग्णापेक्षा भेटायला आलेल्यांनाच अधिक असते, कारण रुग्ण हसला नाही तर त्यांना चहा गोड लागत नाही.

शस्त्रक्रियेनंतर मैदानावर परतण्यास साधारणपणे किमान नऊ महिने लागतात, आणि हा कालावधी घरोघरी अन्य कारणाने परिचित असल्याने डोहाळे पुरवण्याची व्यवस्था आपोआप लागते. शेवभाजीच्या कृपेने मांडी सोडून बाकी सर्व अंग भरू लागते. मांडी मात्र झिजते, कारण सुजलेल्या सांध्याकडून येणाऱ्या संदेशांमुळे मज्जासंस्था तिच्या पुढच्या स्नायूला, म्हणजे क्वाड्रिसेप्सला, आवरून धरते. त्यावरचा पहिला व्यायाम अगदीच क्षुल्लक दिसतो: गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची व मांडी ताठ करून काही क्षण थांबायचे. एरवी चार-चार गड्यांना फरफटत मध्यरेषेपर्यंत नेणारा खेळाडू टॉवेलशी झुंजताना घामाघूम होतो, गुडघ्याची वाटी तसूभर वर सरकते, आणि घरातील कोणालाही त्यात पराक्रम दिसत नाही. आशावाद खऱ्या अर्थाने असतो तो येथे, व फिजिओथेरपिस्टच्या कोनमापकावर तो मोजताही येतो; पंच्याऐंशी अंशांवर अडलेला गुडघा नव्वदपर्यंत वाकला, हे वाक्य ‘मन खंबीर ठेव’पेक्षा कितीतरी औषधी आहे.

२००४ साली सचिन तेंडुलकरला ‘टेनिस एल्बो’, म्हणजे कोपराच्या बाहेरील बाजूच्या स्नायुबंधाचा विकार, जडला तेव्हा अवघा देश कोपरतज्ज्ञ झाला होता; २००५ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाल्यावर तो परतला आणि २०१० मध्ये त्याने एकदिवसीय सामन्यात द्विशतक ठोकले, हे उदाहरण ओसरीवर हटकून निघते व कोपर आणि गुडघा यांतील फरक गौण मानला जातो.

कबड्डीत बाद झालेला गडी संघाने प्रतिपक्षाचा गडी बाद करताच जिवंत होतो, ही सोय अस्थिबंधाला नाही. तरीही संघातील सोबती सराव आटोपून संध्याकाळी येतात, त्याच्या जागी चढाईला पाठवलेल्या नव्या गड्याची मनसोक्त निंदा करतात, आणि तेवढ्या वेळात टॉवेलवरचा दाब कोणाच्याही उपदेशाविना वाढलेला आढळतो.