ह्यांचे दहा-दहा रुपयांचे राक्षस

वहिनी, तुमच्या धाकट्याला जरा विचारा हो, आमचा एक खेळण्यातला हिरवा लांबमान्या तुमच्या अंगणात आलाय का. काल माडाखाली पाच जण उन्हात ठेवले होते, संध्याकाळी मोजले तर चारच. ह्यांना जेवण गेलं नाही. हसा, हसा! साठी उलटलेला माणूस डायनोसॉरची वही ठेवतो. कुठे मिळाला, केवढ्याला मिळाला, सगळं तारखेसकट. दूधवाल्याचा हिशेब विचारा, तो नाही माहीत.

उन्हात कशाला म्हणजे? वास जायला. नवीन पुडा फोडला की असा भपकारा येतो, रॉकेल सांडल्यागत. मग हे चष्मा कपाळावर चढवून बसतात, पोटावरचं 'चायना' वाचतात आणि साच्याची शिवण असते ना, डोक्यापासून शेपटीपर्यंत, ती दाढीच्या ब्लेडनं खरवडतात. माझ्या पोळपाटावर! मागच्या आठवड्यात पोळीत हिरवा कीस निघाला.

नियम एकच, दहा रुपयांच्या वरचा घ्यायचा नाही. मुलानं वाढदिवसाला मॉलमधून हजाराचा आणला. लाल डोळे, बटण दाबलं की डरकाळी. ह्यांनी तोंडभरून कौतुक केलं आणि शोकेसमध्ये टीव्हीशेजारी ठेवला. आपल्या दहावाल्यांच्या डब्यात घेतला नाही. म्हणे, पैसे मोजले की येतो, त्यात मी काय केलं? मला नाही पटत, पण सांगायचं कोणी. ते बारामतीला बनणारं किंडर जॉयचं अंडंसुद्धा नियमात बसत नाही. नातवानं त्यातला डायनोसॉर फुकट दिला तर मात्र चालतो. बघा कशी पळवाट!

आणि खरं सांगू, निम्मे मीच आणलेत. विरार लोकलच्या लेडीज डब्यात क्लिपा-कानातल्यांवाली येते ना, तिच्या ट्रेच्या कोपऱ्यात असतात कधी कधी. भाईंदरला तिनं तीस म्हणायचं, आपण मान वळवायची. खाडीचा पूल संपून नायगाव येईपर्यंत दहावर येते. निर्मळच्या जत्रेत तर विचारू नका. कार्तिकी वद्य एकादशीला सगळं गाव सुकेळी आणि सुकी मासळी घ्यायला जातं, हे खेळण्यांच्या चादरीपुढे उकिडवे बसतात. त्यात आता मालही कमी झालाय. खेळण्यांवरचा आयातकर 2020 साली 20 टक्क्यांचा 60 केला, 2023 मध्ये 70. शिवाय 2021 पासून आयएसआयचा शिक्का सक्तीचा. पोरं खेळणी तोंडात घालतात, शिक्का हवाच, माझं काही म्हणणं नाही. पण पूर्वी पुड्यात डझनभर निघायचे, आता सहा निघाले तर नशीब.

बरं, जे निघतात ते तरी धड असावेत? टी-रेक्सला म्हणे हाताला दोनच बोटं. आमच्याकडे तीनवाले आहेत, चारवाले आहेत, एकाचे तर हात छातीलाच चिकटलेत. हे त्याच्यावर सर्वात खूश. आणि पाठीवर होडीचं शीड उभारल्यासारखा तो एक प्रत्येक पुड्यात असतोच बघा, डायमेट्रोडॉन. तो डायनोसॉरच नव्हे म्हणतात! पहिला डायनोसॉर यायच्या कोट्यवधी वर्षं आधीच खपला. नात्यानंही तो डायनोसॉरपेक्षा आपल्याला जवळचा. मी म्हटलं, आपल्याला म्हणजे माझ्या माहेरच्यांना की तुमच्याकडच्यांना? बोलले नाहीत दोन तास.

वेडेवाकडे म्हणून टाकू नये, असं ह्यांचं मत. अमेरिकेत तो गॅरी गायगॅक्स होता ना, 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळ काढणारा, त्यानं असलीच हाँगकाँगची स्वस्तातली पिशवी घेतली होती. आतले प्राणी कुठल्याच पुस्तकात बसेनात, तर त्यांनाच खेळातले राक्षस करून टाकलं. हे नातवानं सांगितलं आणि आजोबांना जोर चढला.

तुम्हीही काही कमी नाही हं. गेल्या नाताळात तुमच्या गोठ्यात मेंढरांच्या मागे तीन शिंगांचा कोण उभा होता? आमचाच. चर्चची माणसं गोठे बघायला आली, तुमचा धाकटा म्हणतो कसा, हा पण बाळाला बघायला आलाय, लांबून आलाय म्हणून उशीर झाला. तुम्ही लाजलात, पण तो बक्षिसाचा मुद्दा होता बाई! आमच्या दिवाळीच्या किल्ल्यावर तर दरवाजाशी दोन मावळे आणि एक टी-रेक्स असा पहारा असतो. कोणी हरकत घेतलेली नाही.

मात्र ह्यांचं खरं दुखणं वेगळंच आहे. आपल्याकडचा एकही पुड्यात नाही. गुजरातेत, बालासिनोरजवळ, डोक्यावर शिंगाचा राजासॉरस सापडला, 2003 साली बारसं झालं त्याचं. आणि आपला घरचा तर चंद्रपूर जिल्ह्यातला, डोंगरगावचा. इसिसॉरस. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या लोकांनी उकरून काढला, म्हणून हे नाव. आकडेमोडीच्या संस्थेला हाडं कशी सापडतात विचारू नका, मीही विचारलं होतं. तिथे भूगर्भवाले पण आहेत. तो साडेसहा-सात कोटी वर्षांपूर्वीचा, दख्खनचा लाव्हा उसळत होता त्या सुमाराचा. आपल्या जीवदानीच्या डोंगराचा काळा दगडही त्याच लाव्हाच्या घराण्यातला. म्हणजे एवढी वर्षं आपण पायऱ्या चढतोय, खाली काय होऊन गेलं पत्ता नाही. ह्यांचं म्हणणं, पाकिटावर आयएसआय आहे, आत इसिसॉरस नाही.

मग काय, स्वतःच बनवायला घेतला. दहाचा लांबमान्या उकळत्या पाण्यात बुडवला, माझ्याच चहाच्या पातेल्यात, मऊ झाल्यावर मान वर वळवली आणि थंड पाण्याखाली धरली. राहते बरं का तशीच! पण ह्याचे पुढचे पाय लांब हवेत, तर एम-सील मळून टाचा वाढवल्या. पहिला तोंडावर आपटला. दुसऱ्याला शेपटीत खिळा घालून तोललाय. काल हरवला तो हाच दुसरा, म्हणून एवढा जीव खालीवर.

आणि आता रात्रीपासून वहीवरून भांडण. रकान्यात ह्यांनी किंमत लिहिली, दहा रुपये. मी म्हटलं, एम-सील? रंग? ब्रश? तर म्हणतात, ती मजुरी, ती किमतीत धरत नाहीत. तुमचे हे बँकेत होते ना? विचारून सांगा बघू, धरतात की नाही.