तिसऱ्या मजल्यावरची यमुना

मोठा फिशटँक पाळणाऱ्याला पाहुण्यांनी मासे बघितलेले आवडतात, असा एक समज आहे. प्रस्तुत लेखक त्याला अपवाद. सहा बाय दोन बाय दोन फुटांच्या टाकीसमोर कुणी "अय्या, किती गोड!" म्हणालं, की तो गुडघे मोडून खाली बसतो आणि स्टँडच्या कपाटाची दारं उघडतो. आत संप म्हणजे खालची साठवण टाकी, पंप आणि वरून उतरलेले तीन पाइप. "पहिल्यात पूर्ण सायफन," तो सुरू करतो. पाहुणे चहा संपवायच्या मागे लागतात.

टाकी २४ घनफुटांची, म्हणजे सुमारे ६८० लिटर पाणी. तेवढेच किलो वजन, काच-वाळू वेगळी. घराच्या स्लॅबवर चौरस मीटरला २०० किलो भार धरतात हे वाचल्यावर लेखकाने टाकी मुकाट्याने बीमलगतच्या भिंतीशी नेली. खालच्या मजल्यावरच्या काकांना आकडे सांगितले नाहीत.

"साहेब, या पाइपांसाठी नव्याकोऱ्या काचेला भोकं पाडायची?" प्लंबरचा चेहरा पडला. "आम्ही जन्मभर भोकं बुजवतो हो!" काच टफन्ड असती तर पहिल्याच भोकाला तिचा चुरा झाला असता, ही साधी होती. टँक निपल बसले, सोल्यूशनचा वास घरभर झाला.

या खटाटोपात खरा प्रश्न एकच: लाइट गेली तर? पंप थांबतो, पण वरचं पाणी, ज्यावरून ते पाइपांकडे सांडतं त्या कंगव्यासारख्या बंधाऱ्याच्या पातळीपर्यंत उतरतच राहतं. या टाकीत एक इंच पाणी म्हणजे २८ लिटर. दोन इंच उतरले तर ५६ लिटर, आणि तेवढी जागा संपात आधीपासून रिकामी हवी. शिवाय पाणी वर नेणारा पाइप पंप थांबताच उलटा वाहू लागतो. त्याचं तोंड टाकीत खोलवर बुडालेलं असेल तर तिथवरचं सगळं पाणी तो खाली ओढतो, आणि ते हॉलमध्ये येतं.

इथे लेखकाला वासुदेवाचा प्याला आठवतो, आणि घरच्यांना पळता भुई थोडी होते. पितळेच्या त्या प्याल्यात वासुदेव उभा, डोक्यावर बाळकृष्ण. पाणी ओतत जावं, ते चढत चढत कृष्णाच्या पायाला टेकलं की बुडातून भळाभळा वाहून प्याला पार रिकामा! पूर आलेली यमुना चरणस्पर्श होताच ओसरली, त्याचं हे खेळणं. मूर्तीच्या पोटात वाकडी नळी असते. पाणी तिच्या बाकापर्यंत चढलं की सायफन सुरू होतो, आणि नळीत हवा शिरेपर्यंत थांबत नाही. ग्रीकांकडेही असा पेला आहे, तो पायथागोरसच्या नावावर खपतो. पण लहान मुलाचा पाय लागून नदीने वाट द्यावी, ही सर त्याला नाही, असं लेखकाचं पक्षपाती मत. पाणी वर नेणाऱ्या पाइपाला कृष्ण नसतो, म्हणून त्याचं तोंड पृष्ठभागाजवळ ठेवायचं आणि वर एक बारीक भोक पाडायचं. पाणी थोडं उतरलं की हवा आत शिरते, सायफन तुटतो.

उरले तीन पाइप. पहिल्यातून गेट व्हॉल्व्हने जुळवलेला बिनआवाजी सायफन, दुसऱ्यातून जेमतेम धार, तिसरा कोरडा, फक्त संकटासाठी. शौकीन या रचनेला 'बीनअ‍ॅनिमल' म्हणतात.

आणि हे सगळं एका ऑस्करसाठी. दुकानात दोन इंचाचं पिल्लू हवाली करताना हा मासा फूटभर वाढतो, दहा-दहा वर्षं जगतो, हे कुणी सांगत नाही. मग तो वळतासुद्धा येत नाही अशा टीचभर टाकीत जगतो, किंवा रात्री गुपचूप तळ्यात सोडला जातो. ॲमेझॉनच्या खोऱ्यातला जीव. त्याला ओळखीचा माणूस कळतो, जेवायच्या वेळी तो काचेपाशी येऊन उभा राहतो. त्याला शोभेची वस्तू म्हणून विकणाऱ्यांचा लेखकाला मनापासून राग येतो, आणि तेवढा वेळ विनोद सुचत नाही.

या ऑस्करला मात्र बागकामाची आवड. एका मध्यरात्री त्याने उपटलेल्या व्हॅलिसनेरियाच्या पानांनी पहिला पाइप तुंबला, दुसरा भरला आणि तिसरा गुरगुरू लागला. लेखक टुणकन उठला, दिवे लावले, घरादाराला हलवून जागं केलं.

"तिसरा चालू झाला! ऐका!"

"अहो, पाणी सांडलंय का?"

"छे! थेंबसुद्धा नाही!"

"मग झोपा."